गारांचा थर (बेळगाव सीमाभाग)

चैत्र-वैशाखातल्या वळवात पडलेल्या गारा वितळायच्या आत जमिनीवर, पत्र्यांवर आणि रस्त्यांवर साचून जो पांढरा थर होतो, तो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या तालुक्यांत आणि हद्दीपलीकडच्या चंदगड, गडहिंग्लज, कागल भागात अशा दिवशी लोक 'बर्फ पडला' असेच म्हणतात. खरा हिमवर्षाव इथे होणे शक्य नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, आणि एप्रिल-मेमध्ये हवा शून्य अंशाला पोहोचते ती साधारण साडेचार ते पाच किलोमीटर उंचीवर. पण थर किती साचेल, हा प्रश्न मात्र थंड देशांत वसंतात अवचित पडणाऱ्या बर्फाबद्दल विचारतात तोच आहे, आणि त्याचे उत्तरही तितकेच निसरडे.

शब्दांबद्दल थोडे. एकेक गोळी ती गार, ती झोडपून पडली की गारपीट. शेजारच्या कन्नड घरात तेच आलिकल्लु. वर्तमानपत्रे हल्ली प्रत्येक उन्हाळी पावसाला 'अवकाळी' म्हणतात. ते बरोबर नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षे वेलीवर असताना येतो तो अवकाळी. भरणी-कृत्तिकेत येणारा वळीव आपल्या वेळेवर आलेला असतो आणि नांगरटीला तो हवाच असतो.

वळवाचे ढग तयार होतात ते दोन प्रकारच्या हवेच्या गाठभेटीतून. मार्च ते मे या काळात मराठवाडा-विदर्भापासून कर्नाटकाच्या अंतर्भागातून दक्षिणेकडे हवेच्या कमी दाबाचा लांबट पट्टा वरचेवर दिसतो. त्याच्या एका बाजूला उत्तर-पश्चिमेची कोरडी हवा असते, तर दुसरीकडे बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा. बेळगावात त्यात आणखी एकाची भर पडते: दुपारनंतर घाट चढून आलेला समुद्री वारा. तापलेल्या पठारावर ही दमट हवा वर उचलली गेली की ढग तासा-दीड तासात बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. शून्याखाली थंड होऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब त्यात असतात. बर्फाच्या कणावर ते आदळून चिकटतात, वर चढणारा वारा कणाला तोलून धरतो, आणि गार वाढत जाते. एक सेंटीमीटरची गार ताशी तीस-पस्तीस किलोमीटर वेगाने खाली येते, म्हणजे तिला वर धरायला निदान तेवढा जोराचा झोत लागतो. लिंबाएवढी गार पडली तर वरचा झोत किती जबर असेल याचा अंदाज त्यावरून बांधावा.

मोठी गार सुरीने मधोमध कापली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक दुधी, एक काचेसारखा. पाणी आदळताक्षणी गोठले तर हवा आत अडकून दुधी रंग येतो. सावकाश गोठले तर पारदर्शक. कापायचे असेल तर ताट आधी थंड करून घ्यावे, नाहीतर अर्धी गार बघता बघता पाणी होते.

आता थर. बर्फाच्या प्रदेशातले अंदाजकर्ते ढोबळ हिशेब करतात: एक सेंटीमीटर पाण्याचा दहा सेंटीमीटर भुसभुशीत बर्फ. वसंतातला ओला बर्फ जड असतो, तो त्याच पाण्यात निम्माच भरतो. गारांना ही फूग जवळजवळ नाहीच. गोळ्या ओतल्यावर मधल्या पोकळ्या धरून सुमारे साठ टक्के जागा बर्फाची असते, त्यामुळे एक सेंटीमीटर पाण्याच्या गारांचा थर दोन सेंटीमीटरही भरत नाही. अंगणात पाच सेंटीमीटर थर दिसला तर सुमारे २७ मिलिमीटर पाणी गारांच्याच रूपात पडले, असे समजावे. दहा-पंधरा मिनिटांच्या झोडीसाठी हे फार झाले.

त्यातून वितळण्याची वजाबाकी आहेच. उशिराच्या बर्फवृष्टीत गवत पांढरे होते आणि डांबरी रस्ता काळाच राहतो, कारण रस्त्याने उन्हाची ऊब धरून ठेवलेली असते. पडण्याचा वेग वितळण्याच्या वेगाला हरवतो तेव्हाच रस्ता झाकला जातो. आपल्याकडेही पहिल्या दोन-तीन मिनिटांच्या गारा तापलेली जमीन गिळते. मग पावसाने ती निवते आणि थर धरू लागतो. त्यात गार पाण्यावर तरंगते. म्हणून सपाट अंगणात दोन बोटे थर असला तरी कौलांच्या वळचणीला, गटाराच्या तोंडाशी आणि मोरीच्या जाळीवर वीतभर ढीग होतो. फोनवर फिरणारे फोटो बहुधा या ढिगांचेच असतात, आणि 'फूटभर गारा' ही बातमी तिथून निघते.

अंदाजाच्या बाबतीत सीमाभागाची गंमत अशी की ढग एक आणि कार्यालये दोन. हवामान विभागाच्या नकाशावर बेळगाव 'उत्तर अंतर्गत कर्नाटक' या उपविभागात येते, कोल्हापूर 'मध्य महाराष्ट्रा'त. एकाचा इशारा बंगळूरहून, दुसऱ्याचा मुंबईहून. चंदगडचा काजूवाला आणि खानापूरचा काजूवाला शेजारी असूनही इशाऱ्याचे वेगळे रंग पाहतात. हवेचे थर मोजणारा जवळचा फुगा पणजीहून सुटतो, म्हणजे घाटाखालच्या किनारी हवेतून. पठारावरची हवा तशीच असेल असे धरून चालत नाही. गोव्याचे डॉप्लर रडार बेळगावपासून सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे, त्यामुळे ढगाचा वरचा गाभा ते चांगले पाहते. ढगातून रडारकडे परतणाऱ्या लहरींचे परावर्तन ५५ डीबीझेडच्या (dBZ, ते मोजण्याचे एकक) पुढे गेले आणि असा गाभा गोठणरेषेच्या बराच वर असला की गारांची शक्यता धरतात. यावरून पुढच्या दोन-तीन तासांचा इशारा देता येतो. जिल्ह्यात गारा पडतील हे आदल्या दिवशी सांगता येते. कोणत्या गावात थर बसेल हे ढग डोक्यावर आल्याशिवाय कळत नाही. गारांचा पट्टा कधी जेमतेम दोन-तीन किलोमीटर रुंद असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप विजेसाठी आहे, गारांसाठी नाही, पण वीज जवळ आल्याचे त्यावर दिसले की निदान जनावरे आत घेता येतात.

नुकसान थराच्या जाडीपेक्षा वेळेवर ठरते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने महाराष्ट्रात हाहाकार केला तो पिके उभी असताना. अथणीकडे या दिवसांत द्राक्षे उतरवणे आणि शेडमध्ये बेदाणा सुकवणे चालू असते. खानापूरकडे काजू-आंबा झाडावर आणि वीटभट्ट्यांवर कच्च्या विटांच्या रांगा. कच्ची वीट पावसाने विरघळते, गारेने तर तिला खळगे पडतात; प्लास्टिक झाकायला माणसे धावतात तोवर पहिली रांग गेलेली असते. पीक विम्यात गारपीट स्थानिक आपत्ती म्हणून धरली जाते तिथे ७२ तासांत कळवावे लागते. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत गारा नसतात, फक्त फाटलेली पाने आणि मार लागलेली फळे असतात. म्हणून जाणते शेतकरी गारेशेजारी रुपयाचे नाणे किंवा काडेपेटी ठेवून आधी फोटो काढतात.

थराची अधिकृत नोंद बहुतेक वेळा होतच नाही. पर्जन्यमापकाच्या फनेलवर आदळून काही गारा बाहेर उडतात, उरलेल्या आत वितळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला वाचन घेतले जाते तेव्हा वहीत फक्त मिलिमीटरचा आकडा लिहिला जातो, साध्या पावसासारखाच.