पाळीव कुत्र्या-मांजरांचे रेबीज लसीकरण (बेळगाव सीमाभाग)

रेबीज (अलर्करोग, जलसंत्रास, बोलीत 'पिसाळणे') हा सस्तन प्राण्यांच्या मज्जासंस्थेला होणारा विषाणुजन्य रोग आहे. लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. घरच्या कुत्र्या-मांजरांना आधीच लस टोचून तो अडवता येतो. बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) शहर आणि खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी, कागवाड या तालुक्यांतल्या मराठी वस्तीत हे लसीकरण कसे चालते आणि कुठे अडते, ते या नोंदीत दिले आहे.

या भागात पिसाळलेल्या कुत्र्याला 'खुळं कुत्रं' म्हणतात, कन्नडमध्ये 'हुच्चु नायी'. दोन्हींचा अर्थ वेडे कुत्रे असाच होतो, आणि घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे. लाळ गाळत, दिसेल त्याला चावत सुटलेले कुत्रे तेवढे खुळे, अशी समजूत होते. रोगाचे दुसरे रूप मुके असते. कुत्रे कोपऱ्यात पडून राहते, आवाज घोगरा होतो, खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही. घरच्यांना वाटते घशात हाड अडकले, आणि कोणीतरी तोंडात हात घालून पाहतो. या एका हाताने कितीतरी घरांत संकट आले आहे. पाणी पिते म्हणजे कुत्रे पिसाळलेले नाही, हीही एक चुकीची खूण आहे. पाण्याची भीती हे माणसातले लक्षण आहे. सुश्रुतसंहितेत त्याचा 'जलत्रास' म्हणून उल्लेख येतो. कुत्रे शेवटपर्यंत पाण्याजवळ जाऊ शकते.

विषाणू लाळेतून जखमेत शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. मेंदूत पोचल्यावर तो लाळग्रंथींत उतरतो. माणसात या प्रवासाला बहुधा दोन-तीन महिने लागतात. क्वचित आठवडाभर, क्वचित वर्षही. चावा डोक्याच्या जितका जवळ तितका वेळ कमी, म्हणून तोंडावर चावा बसलेल्या लहान मुलांचा धोका मोठा. या संथ वाटचालीमुळेच चाव्यानंतरही लशीला काम करायला सवड मिळते. कुत्र्याच्या लाळेत मात्र विषाणू लक्षणांच्या काही दिवस आधीच येतो, आणि लक्षणे दिसल्यावर ते साधारण दहा दिवसांच्या आत मरते. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगतात ते या हिशेबाने.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरतात, त्यांतली ३६ टक्क्यांच्या आसपास भारतात. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत रोग कुत्र्यांमार्फत येतो.

'पाळीव' म्हणजे कोणते

शहरी पुस्तकातले पाळीव कुत्रे पट्ट्याला बांधलेले, घरात झोपणारे असते. टिळकवाडी, हिंदवाडीतल्या बंगल्यांत तसे लॅब्राडोर आणि पॉमेरियन आहेत, आणि त्यांचे लशीचे कार्डही बहुधा वेळेवर भरलेले असते. सीमाभागातले बहुसंख्य कुत्रे यात बसत नाही. खानापुराच्या जंगलालगत भाताच्या शेतावर रानडुकरांसाठी ठेवलेले राखणीचे कुत्रे रात्री रानात आणि दिवसा अंगणात असते. अथणी-रायबागकडे ते मेंढरांच्या कळपाबरोबर हिंडते. निपाणी-चिक्कोडीच्या उसाच्या पट्ट्यात तोडणीच्या टोळ्या येतात, त्यांच्या खोपींपाशी कुत्रीही येतात आणि हंगाम संपला की निघून जातात. भाकरी कोण घालतो हे सगळ्यांना माहीत असते, पण 'कुत्रं कुणाचं' असे विचारले तर उत्तर मिळत नाही. ते चावले तर मुळीच मिळत नाही.

शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ हे घोरपड्यांच्या संस्थानाचे गाव. तिथल्या शिकारी कुत्र्याला मुधोळ हाउंड म्हणतात आणि आपल्याकडे कारवानी. जातिवंत कारवानीचे पिल्लू मोठ्या किमतीला घेणारा माणूस लशीच्या तारखेला टाळाटाळ करतो, हे पशुवैद्यांना नवे नाही.

मांजराची गत याहून वेगळी. ते उंदरांसाठी ठेवलेले, दारे-खिडक्यांतून येणारे-जाणारे. 'मांजराला कशाला सुई?' हा प्रश्न अजून सर्रास ऐकू येतो. पिसाळलेल्या कुत्र्याशी झटापट झालेले मांजर नंतर माळ्यावर किंवा लाकडांच्या ढिगामागे दडते आणि हात पुढे केला की झेप घेते. त्याचे दात बारीक आणि टोकदार. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण खोल असते. पंजे चाटण्याच्या सवयीमुळे त्याच्या बोचकारण्याकडेही दुर्लक्ष करता येत नाही.

लस आणि तिच्या तारखा

लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या मुलाला कुत्रा चावल्यानंतर लस दिली, तिथून माणसातल्या रेबीज लशीचा इतिहास सुरू होतो. भारतात पुढे डेव्हिड सेंपलने कसौलीत तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली लस अनेक दशके चालली. पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांची जी धास्ती आजही म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात येते, ती या लशीची. डिसेंबर २००४ नंतर ती भारतात बंद झाली. आता माणसांना आणि प्राण्यांना दोघांनाही पेशीसंवर्धनातून बनवलेली, विषाणू मारून तयार केलेली लस मिळते. चौदा सुयांची गोष्ट सांगून पोराला घाबरवणारी आजी आणि त्या भीतीने चावा लपवणारा पोरगा, ही जोडी मात्र लशीबरोबर बंद झाली नाही.

कुत्र्याला आणि मांजरालाही पहिली लस तीन महिन्यांची झाल्यावर देतात. त्याआधी आईच्या दुधातून आलेली प्रतिद्रव्ये लशीचे काम हाणून पाडू शकतात. तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस देण्याची पद्धत आपल्याकडच्या बहुतेक पशुवैद्यांत आहे, आणि मग दर वर्षी एक. मात्रा एक मिलिलिटर, जनावर लहान असो वा मोठे. म्हणून 'माझं पिल्लू छोटं आहे, अर्धीच द्या' ही विनंती ऐकली जात नाही. पहिल्या सुईनंतर पुरेसे संरक्षण तयार व्हायला तीन-चार आठवडे जातात. लस दिली त्या दिवसापासून कुत्रे सुरक्षित झाले असे धरू नये. बाजारात रक्षारॅब, नोबिवॅक रेबीज, रॅबिसिन ही नावे चालतात. सरकारी गुरांच्या दवाखान्यातही लस मिळते, आणि २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या (पाश्चरची पुण्यतिथी) आगेमागे मोफत शिबिरे होतात.

इथे एक घोटाळा हमखास होतो. पिल्लाला 'नाईन इन वन' किंवा 'सेवन इन वन' टोचले की सगळे झाले, असे मालक धरून चालतो. त्या लशी डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ, लेप्टो अशा रोगांच्या आहेत. रेबीजची सहसा वेगळी टोचावी लागते. कार्डावर बाटलीचे लेबल चिकटवलेले असते, ते वाचावे. मांजरांच्या 'ट्रायकॅट' लशीचेही असेच.

दुसरी अडचण थंडाव्याची. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहिली पाहिजे. मेडिकलमधून बाटली घेऊन खिशात घालून दुपारच्या उन्हात दुचाकीवरून जांबोटीकडे निघालेला माणूस घरी पोचेपर्यंत लस बिघडलेली असू शकते, आणि बाहेरून पाहून ते कळत नाही. गावातल्या जाणत्याकडून टोचून घेणाऱ्यांची लस वाया जाते ती बहुधा अशी. शिवाय पशुवैद्याची सही आणि शिक्का नसलेल्या सुईची कागदोपत्री काही किंमत उरत नाही.

दवाखान्यातले प्रत्यक्ष काम दोन मिनिटांचे. ताप आहे का ते पाहतात, जंताचे औषध कधी दिले ते विचारतात, खांद्याजवळची सैल कातडी चिमटीत धरून सुई सरकवतात. अवघड असते ते आणणे. मांजर आणायची इथली जुनी रीत म्हणजे बुट्टीत (टोपलीत) घालून वर दुसरी बुट्टी उपडी ठेवायची आणि सुतळीने बांधायची; नाहीतर बाजाराची पिशवी, तोंडाशी गाठ मारून. टेबलावर गाठ सुटते तेव्हा मांजर आधी डॉक्टरांच्या हाताला आणि मग कपाटावर. जाळीचा पिंजरा किंवा उशीचा अभ्रा बरा पडतो. शेतावरच्या कुत्र्याला साखळीची सवय नसेल तर आठवडाभर आधीपासून थोडा वेळ बांधावे, तोंडाला मऊ कापडाची पट्टी बांधायला मालकानेच शिकावे. सुईनंतर एखादा दिवस मरगळ, टोचल्या जागी गाठ, एवढे चालते. तोंड सुजले किंवा धाप लागली तर लगेच परत न्यावे. असे क्वचित होते.

'लस दिलेलं कुत्रं राखण करत नाही' या समजाला आधार नाही. त्या दिवशी ते सुस्त दिसते, आणि लोकांना तेवढेच लक्षात राहते.

चावा झाल्यावर

आपल्या कुत्र्याला किंवा मांजराला संशयित जनावर चावले तर जखम साबणपाण्याने धुवावी, पण हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालून, कारण केसांत दुसऱ्याची लाळ असते. आधी लस झालेली असल्यास पशुवैद्य साधारणपणे ० (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस) आणि ३ या दिवशी डोस देतात. कधीच झालेली नसल्यास ०, ३, ७, १४, २८. त्यानंतरही जनावर काही महिने बांधून, नजरेखाली ठेवावे लागते. वार्षिक लस चुकवून वाचवलेले पैसे इथे पाचपट होऊन निघतात.

माणसाला चावल्यास वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुणे हा पहिला आणि मोठा उपाय. घड्याळ लावून पाहिले तर पंधरा मिनिटे किती लांब असतात ते कळते. बहुतेक लोक दोन मिनिटांत थांबतात. निपाणी तंबाखूचे गाव, त्यामुळे जखमेवर चुना-तंबाखू दाबणारे तिथे भेटतात. इतरत्र मिरचीपूड, हळद, तेल. यांतले काहीही लावू नये, टाके घाईने घालू नयेत. सरकारी रुग्णालयात कातडीत द्यायची लस ०, ३, ७, २८ या दिवशी देतात. दंडाच्या स्नायूत दिली तर १४ वा दिवस वाढतो. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिद्रव्ये) भरावे लागते. कुत्रे घरचे आणि लस टोचलेले असले तरी डॉक्टरांना दाखवावे. दहा दिवस वाट पाहून मग सुई घ्यायची, हा दहा दिवस नजर ठेवण्याच्या नियमाचा उलटा अर्थ आहे: सुरू लगेच करायची, कुत्रे दहा दिवसांनी धडधाकट असेल तर उरलेली थांबवता येते.

सीमेमुळे एक वेगळाच प्रश्न येतो. निपाणीचा माणूस कोल्हापुरात उपचार सुरू करतो, महाराष्ट्रातल्या चंदगडचा बेळगावात. उरलेले डोस गावाजवळ घ्यायचे असतात. कार्ड एका राज्यात कन्नड-इंग्रजीत, दुसऱ्यात मराठीत. लस तीच, दिवसांचा हिशेबही तोच, आणि अडचणीपोटी कातडीऐवजी स्नायूत घ्यावी लागली तरी पहिल्यापासून सुरू करण्याची गरज नसते. कार्ड हरवले तर मात्र दोन्हीकडचे डॉक्टर हतबल. जनावराच्या कार्डालाही हेच लागू.

सार्वजनिक उपाय

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोचे नाव इथे प्रत्येकाच्या तोंडी असते. तिथे देवीची लस बनत असे, हे मैदानावर सभेला किंवा फिरायला जाणाऱ्या सगळ्यांना आठवते असे नाही. देवी गेली, कारण ती फक्त माणसांत राहत होती आणि लस माणसांना पुरवता आली. रेबीज कुत्र्यांत राहतो, म्हणून सुई कुत्र्यांपर्यंत न्यावी लागते, आणि परिसरातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना ती मिळाली तर साखळी तुटते.

चोर्ला किंवा अनमोड घाट उतरला की हे करून दाखवलेले राज्य लागते. गोव्यात मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी जाळ्या घेऊन गल्लोगल्ली फिरून भटक्या-पाळीव सगळ्या कुत्र्यांना दर वर्षी लस दिली. कुत्र्यांतल्या रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. कुत्र्याला घाटातली राज्यसीमा कळत नाही, त्यामुळे खानापुराकडचे दुर्लक्ष गोव्याचेही नुकसान करते.

भारत सरकारने २०३० पर्यंत कुत्र्यांमार्फत होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२१ मध्ये आणला. कर्नाटकाने २०२२ मध्ये माणसातला रेबीज अधिसूचित रोग ठरवला, म्हणजे रुग्ण आढळल्यास कळवणे बंधनकारक झाले. भटक्या कुत्र्यांसाठी २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम लागू आहेत: पकडणे, नसबंदी, रेबीज लस, आणि कानाला खाच पाडून मूळ जागी सोडणे. कानाची खाच पाहून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी एकदा लस मिळाली, एवढेच ती सांगते. यंदाची मिळाली का, ते सांगत नाही.

गाई-म्हशी आणि मेलेले जनावर

पिसाळलेले कुत्रे गोठ्यात शिरले तर म्हैसही पिसाळते, आणि तिचे दूध प्यालेल्या सगळ्या वाड्यावर धास्ती पसरते. तापवलेल्या दुधाने धोका नसतो. निरसे दूध प्यालेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. खरा धोका तिच्या तोंडात हात घालून औषध पाजणाऱ्याला.

संशयित जनावर मेले तर खात्री मेंदूच्या तपासणीनेच होते. बेंगळुरूच्या हेब्बाळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात रेबीज निदान प्रयोगशाळा आहे. नमुना पशुवैद्याने काढून बर्फात पाठवायचा असतो. प्रत्यक्षात कुत्रे लाठीने डोके फोडून मारले जाते आणि तपासायचा मेंदूच शाबूत राहत नाही. पुरताना उघड्या हाताने ओढू नये, खड्डा खोल घ्यावा, वर चुना टाकावा, आणि ज्या पोत्यावर ते पडले होते ते पोतेही जाळून टाकावे.