नाकावरचा व्रण आणि कपाळाची कातडी

नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याखाली उठलेला काळपट, चकाकता फोड आपल्या विदर्भातल्या खेड्यांत बहुधा चामखीळ समजून वर्षानुवर्षे सोडून दिला जातो. कुणी त्यावर चुना लावतो, कुणी बिब्बा घालतो. खपली पडते, चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा रक्त येऊ लागते. बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग नेमका असाच वागतो. गोऱ्या माणसांत तो गुलाबीसर दिसतो, आपल्याकडे मात्र पुष्कळदा रंगद्रव्यामुळे काळा दिसतो आणि म्हणूनच तिळासारखा भासून फसवतो. सावळ्या कातडीला मेलॅनिनचे संरक्षण असल्याने हा रोग आपल्यात तुलनेने कमी आढळतो. परंतु ज्यांचा उभा जन्म कपाशीच्या शेतात उन्हात गेला, किंवा ज्यांच्या कातडीत जन्मतःच रंगद्रव्य नाही, त्यांनी महिनाभरात न भरणारा चेहऱ्यावरचा व्रण डॉक्टरांना दाखवायलाच हवा. हा कर्करोग सहसा शरीरात दूर पसरत नाही, पण जागच्या जागी खोल शिरून पापणी, नाकपुडी, कूर्चा खात जातो.

शस्त्रक्रियेत गाठीसोबत भोवतालची निरोगी दिसणारी कातडीही काढावी लागते. लहान आणि कमी जोखमीच्या गाठीला साधारण ४ मिलिमीटरची कड पुरते. काढलेल्या तुकड्याच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ निघाल्या, याची खात्री झाल्याखेरीज मोठी पुनर्रचना करू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण वर नवी कातडी बसवल्यावर आत राहिलेला रोग दिसेनासा होतो आणि कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. अहवाल येईपर्यंत काही दिवस जखम पट्टीखाली उघडी ठेवली तर घरचे लोक घाबरून जातात. हा निष्काळजीपणा नसतो, हे त्यांना आधीच समजावून सांगितले पाहिजे.

लहान जखम बाजूची कातडी सरकवून बंद होते. खालच्या पापणीजवळ मात्र ताण आडवा पडेल अशीच आखणी करावी लागते. तो खाली पडला तर पापणी बाहेर उलटते, डोळा नीट मिटत नाही आणि बुबुळ कोरडे पडते. याहून मोठ्या जखमांसाठी दोन मार्ग उरतात, आणि ते वरुड-मोर्शीकडच्या बागायतदाराला चटकन उमगतील. संत्र्याचा डोळा झाडापासून पूर्ण वेगळा काढून खुंटावर बांधतात, तसे कानामागच्या कातडीचे रोपण असते. तिला रक्त मिळते ते फक्त खालच्या जखमेतून. आंब्याच्या भेटकलमात मात्र फांदी जुळेपर्यंत मूळ झाडाला जोडलेलीच राहते. कूर्चा उघडी पडलेल्या नाकावर नुसते रोपण तग धरत नाही. तेथे भेटकलमासारखीच कपाळाची कातडी, भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर जाणाऱ्या रोहिणीसह (रक्त आणणाऱ्या वाहिनीसह), भुवईपाशी देठाने जोडलेलीच ठेवून खाली वळवतात. रंगाने आणि जाडीने ती नाकाच्या कातडीशी चांगली जुळते.

शल्यचिकित्सक टाक्यांच्या पाकिटातला चंदेरी कागद नाकावरच्या जखमेच्या मापाने कापतो, तो कपाळावर ठेवून आखतो आणि तेवढाच तुकडा उचलतो. नाकाच्या आतले अस्तर गेले असेल तर आधी नवे अस्तर आणि कानातून घेतलेल्या कूर्चेचा आधार द्यावा लागतो, नाहीतर नवे नाक आकसून श्वासाची वाट बंद होते.

ही विद्या मूळची आपल्याच देशातली. टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते, आणि वीटकाम करणाऱ्या जातीतल्या पुण्याच्या एका वैद्याने ते कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडवले. त्याचे सचित्र वर्णन लंडनच्या एका मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये छापले गेले. मापासाठी मेणाचा पातळ पत्रा, जोड पक्का राहावा म्हणून पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापणे, असा तो क्रम होता. ते वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली.

देठ कापण्याची मुदत आजही साधारण तीन आठवड्यांचीच आहे, कारण नाकाच्या बाजूने नव्या रक्तवाहिन्या कातडीत शिरायला तेवढा अवधी लागतो. हे तीन आठवडे रुग्णासाठी सर्वांत कठीण असतात. कपाळापासून नाकापर्यंत लोंबणारा मांसल देठ घेऊन गावात वावरणे लाजिरवाणे वाटते, चष्मा बसत नाही, आणि नाकाला स्पर्श झाला तरी तो कपाळावर झाल्यासारखा जाणवतो, कारण देठातून मज्जातंतूही आलेला असतो. तोंडावर दुपट्टा बांधायचा तर तो सैल हवा. आवळला तर देठ दबून रक्त अडते. बिडी आणि खर्रा शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासूनच बंद करावे लागतात, कारण निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडीचे टोक काळे पडू शकते.

दुसऱ्या शस्त्रक्रियेत देठ कापून त्याचे उरलेले टोक भुवईपाशी परत बसवतात. कपाळाच्या वरच्या भागात न मिटलेली जखम ड्रेसिंगवर हळूहळू आपोआप भरते. पुढे नियमित तपासणीला यावे लागते ते केवळ त्याच जागेसाठी नव्हे. एकदा हा कर्करोग झालेल्या माणसाला चेहऱ्यावर दुसरीकडे नवी गाठ उठण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून प्रत्येक भेटीत कान, मान आणि डोळ्यांचे कोपरेही उजेडात नीट पाहून घेतले जातात.