जुन्या मोहिमेचे आकडे नव्या नियमांत ‘बदलून घेणं’: एक खुलासा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या कथा-खेळाची चालू मोहीम (अनेक बैठकांत चालणारी कथा) नियमांच्या नव्या आवृत्तीत न्यायची तर प्रत्येक राक्षसाचा आकडा सूत्राने बदलावा लागतो, असा समज वर्षानुवर्षं फिरतोय. एकेकाळी त्यात तथ्य होतं: दुसऱ्या आवृत्तीतला आर्मर क्लास (वार लागणं किती कठीण ते सांगणारा आकडा) २० मधून वजा केला की तिसऱ्या आवृत्तीतला मिळायचा. पण पाचव्या आवृत्तीत (२०१४) आकड्यांची चौकटच आवळली गेली, तिथे कुठलंच सूत्र चालत नाही.

टॅरास्क हा महाकाय राक्षस घ्या. ३.५ मध्ये (तिसरीच्या सुधारित आवृत्तीत) त्याचा आर्मर क्लास ३५, पाचवीत २५. पाचवीतल्या विसाव्या पातळीच्या फायटरला (लढवय्या पात्राला) प्रोफिशियन्सीचे (कौशल्याचे) ६ आणि ताकदीचे ५ मिळून फाशाच्या आकड्यात +११ मिळतात. जादुई शस्त्र नसेल तर २५ गाठायला वीस बाजूंच्या फाशावर १४ पुरतात. जुना ३५ तसाच ठेवलात तर फक्त २० पडल्यावरच (तो नेहमीच लागतो) वार लागेल, आणि लढाई रटाळ होईल. म्हणून त्याच नावाचा राक्षस सरळ नव्या पुस्तकातून उचला. कथा, नकाशे, वैरी तेच राहू द्या. पात्रं मात्र त्याच पातळीवर कोऱ्या कागदावर नव्याने बांधा.

२०१४ च्या नियमांवरून २०२४ च्या सुधारित नियमांकडे जाताना तर राक्षस बदलायचीही सक्ती नाही. कुरबुर होते ती पॅलाडिन (धर्मयोद्धा) खेळणाऱ्यांची: डिव्हाइन स्माइट हा त्यांचा जादा इजा करणारा दैवी वार आता बोनस ॲक्शनचा (फेरीत एकदाच मिळणाऱ्या जादा कृतीचा) मंत्र आहे, त्यामुळे एका फेरीत तो दोनदा वापरता येत नाही. हे आधीच सांगून टाका.