पार्श्वभूमी : बी. ई. २सी मध्ये निरीक्षक पुढे का बसायचा?

पहिल्या महायुद्धातल्या बी. ई. २सी या ब्रिटिश टेहळणी विमानाचं छायाचित्र पाहिलं की आसनांची मांडणी खटकते. ज्याने बघायचं तो निरीक्षक पुढे, वरच्या पंखाखाली, तारा आणि दांड्यांच्या जाळ्यात. वैमानिक मागे, मोकळ्यावर.

हे विमान फार्नबरोच्या सरकारी कारखान्यातलं. १९११ पर्यंत तिथे लष्करी बलून होत. त्यानंतरही नवी विमानं बांधायची परवानगी नव्हती, फक्त दुरुस्तीची होती. अधीक्षक मर्विन ओ'गॉर्मन यांनी त्यातूनच वाट काढली. वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकने लष्कराला दिलेलं एक फ्रेंच विमान दुरुस्तीला आलं होतं. त्याचं ६० अश्वशक्तीचं वुल्झली इंजिन आणि रेडिएटर तेवढं ठेवून जेफ्री डी हॅविलंड यांनी या कारखान्यातल्या विमान-रचनाकारांनी बाकी सगळं नवं केलं. मूळ विमानाचा प्रोपेलर मागे होता, तो पुढे आला. ४ डिसेंबर १९११ रोजी डी हॅविलंड यांनी स्वतःच ते उडवलं. कागदोपत्री ही दुरुस्तीच! हेच बी. ई. १.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी उडालेल्या बी. ई. २ मध्ये हवेने थंड होणारं रेनॉ इंजिन बसवलं आणि रेडिएटर गेला. या इंजिनात प्रोपेलर कॅमशाफ्टवरून (झडपा हलवणाऱ्या दांड्यावरून), म्हणजे क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरे. त्या ऑगस्टमध्ये सॅलिसबरीच्या माळावर लष्करी विमानांची स्पर्धा झाली. ओ'गॉर्मन परीक्षक असल्याने बी. ई. २ ला स्पर्धेबाहेर ठेवलं होतं, तरी प्रवासी घेऊन ते १०,५६० फुटांवर गेलं.

खरा बदल कारखान्यातले अभियंते एडवर्ड बस्क यांनी घडवला. वैमानिकाने नियंत्रणाच्या दांड्याशी झगडत बसू नये, विमानाने आपलं आपण सावरावं, हे त्यांनी गणिताने आणि स्वतः उड्डाणं करून साधलं. १९१४ च्या २सी मध्ये वरचा पंख खालच्यापेक्षा पुढे सरकवला, पंखांची टोकं वर उचलली, शेपटाला उभा पर दिला. आधी कलण्यासाठी पंखच तारांनी पिळले जात. आता चारही पंखांना एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेला हलत्या झडपा, आल्या. विमान एका अंगावर कललं की त्या बाजूला घसरू लागतं, खाली झुकलेल्या बाजूच्या पंखांना जास्त उचल मिळते आणि ते सरळ होतं. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला बस्क यांच्या २सी ने हवेत पेट घेतला आणि ते गेले.

आता आसनांचं. वैमानिक प्रत्येक उड्डाणात असतो, निरीक्षक नसतोही. बॉम्ब न्यायचे तर वजनासाठी त्याला जमिनीवरच ठेवावं लागे. म्हणून निरीक्षकाची जागा गुरुत्वमध्याजवळ, म्हणजे विमान जिथे तोलून राहतं त्या बिंदूजवळ, ठेवली. तो असो वा नसो, तोल तोच. हिशेब चोख होता, पण निरीक्षकाला खालची जमीन पंखाआडून बघावी लागे. कॅमेरा वैमानिकाच्या कॉकपिटशेजारी बाहेर लावत आणि फोटो तोच काढे. निरीक्षकाने लुइस मशीनगन एका खुंटीवरून काढून दुसरीवर अडकवायची आणि मागे झाडायची तर वैमानिकाच्या डोक्यावरून.

१९१५ च्या उत्तरार्धात प्रोपेलरच्या पात्यांमधून गोळ्या झाडणारी जर्मन फोकर विमानं आली. २सी चा वेग ६,५०० फुटांवर ताशी सुमारे ७२ मैल. जे स्थैर्य टेहळणीला हवं होतं तेच आता आड आलं, कारण आपणहून सरळ होणारं विमान झटकन वळत नाही. आमच्या मते दोष बस्क यांच्या गणिताचा नाही. शत्रू हवेत भेटेल हे गृहीतच नव्हतं, आणि भेटू लागल्यावरही हीच विमानं बांधत राहिले, हा खरा दोष.

जिथे शत्रूची लढाऊ विमानं नव्हती तिथे ते उपयोगी पडलं. २-३ सप्टेंबर १९१६ च्या रात्री लेफ्टनंट लीफ रॉबिन्सन यांनी लंडनच्या उत्तरेला कफलीजवळ जर्मन एअरशिप (वायू भरलेलं, फुग्यासारखं अवाढव्य जहाज) पाडलं ते २सी मधूनच. अंधारात बंदुकीची गोळ्यांची चकती बदलताना स्थिर विमान हवंच. डिसेंबर १९१५ मध्ये ३१ क्रमांकाची स्क्वाड्रन हिंदुस्थानात आली तीही हीच विमानं घेऊन. इराकमध्ये कुत या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात, पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी उपाशी असताना, एप्रिल १९१६ मध्ये अन्नाची पोती टाकणाऱ्या विमानांतही २सी होती. पोती पुरी पडली नाहीत. २९ एप्रिलला कुत पडलं.