स्टेरॉइडची साखर जन्मभर चिकटते का?

‘स्टेरॉइड घेतलं की मधुमेह होतो आणि तो कधीच जात नाही’ हा फॉरवर्ड आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात, दम्याचे पेशंट वाढले आणि त्यांना स्टेरॉइड सुरू झालं की, हमखास फिरतो. भीती समजण्यासारखी आहे, कारण साखर वाढते हे खरंच आहे. ‘कधीच’ मात्र चूक.

स्टेरॉइडमुळे यकृत जास्त साखर सोडतं आणि इन्सुलिनचा असर कमी होतो. सकाळी प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) घेतली, तर साखर चढते दुपारी-संध्याकाळी. म्हणून उपाशीपोटी १०० आणि वरणभातानंतर दोन तासांनी २४० असा रिपोर्ट येऊ शकतो. फक्त सकाळी बोट टोचणाऱ्याला हे कळतच नाही!

डोस उतरला की बहुतेकांची साखरही उतरते, अनेकदा काही आठवड्यांत. काहींची उतरत नाही. त्यांच्यात मधुमेहाची तयारी बऱ्याचदा आधीपासूनच असते: घराण्यात साखर, पोटाचा घेर, किंवा प्रीडायबेटिस (साखर वाढलेली, पण मधुमेहाच्या रेषेखाली). स्टेरॉइडने ती फक्त उघडी पाडली.

आपलं कोणतं, हे कसं ओळखायचं? स्टेरॉइडआधीचा एखादा जुना रिपोर्ट फाइलमध्ये शोधा. एचबीए१सी (सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) तेव्हाच ६.५ टक्क्यांच्या वर असेल, तर दोष गोळीचा नाही. कोर्स संपल्यावर हीच तपासणी तीन महिन्यांनी करा, कारण ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. लगेच केलीत तर गोळ्यांचेच दिवस मोजले जातील.

आणि साखरेच्या धास्तीने स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नका. बरेच दिवस घेतल्यावर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल (स्टेरॉइडसारखंच नैसर्गिक हार्मोन) बनवणं मंदावतं, म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.