सशाचे दात आणि गवतगंजी

बेळगावात गुरांच्या दवाखान्याच्या रांगेत हल्ली एखादा पिंजरा दिसतो. आत पांढरा ससा. हनुवटी ओली, पुढचे पंजे लाळेनं चिकटलेले. गाजर पुढं केलं की धावत येतो, तोंडात धरतो आणि टाकून देतो. "खायला बघतंय, पण खाईना झालंय डॉक्टर," घरचे सांगतात. भूक असते, पण दात खाऊ देत नाहीत.

ससा उंदराचा भाऊबंद, असं पूर्वी शास्त्रज्ञही मानत. पण वरच्या पटाशीच्या दातांमागे सशाला आणखी दोन बारीक दात असतात. अशा फरकांवरून अमेरिकी शास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. गिडली यांनी १९१२ मध्ये त्याचा गण, म्हणजे प्राण्यांच्या वर्गीकरणातला गट, वेगळा मांडला. उंदीर, हॅमस्टर यांची फक्त पटाशी जन्मभर वाढते. सशाचे मात्र २८च्या २८ दात. पटाशी तर आठवड्याला २ ते ३ मिलिमीटर. (गिनिपिगचेही सगळे २० वाढतात.)

आपला पाळीव ससा खानापूरच्या रानातल्या सशाचा वंशज नव्हे. त्याचं मूळ स्पेन-पोर्तुगालकडं, गवतावर जगणाऱ्या सशात. गवत चघळताना जबडा आडवा फिरतो, दाढा घासल्या जातात. डाळ, चपाती, बिस्कीट नुसतं चेचलं जातं. मग दाढांना टोकं येतात. खालची जिभेत रुततात, वरची गालात.

१९९६ मध्ये ब्रिटनच्या पशुवैद्य फ्रान्सेस हार्कोर्ट-ब्राऊन यांनी कॅल्शियमच्या कमतरतेकडं बोट दाखवलं: मिश्र खुराकातले आवडते दाणे ससा वेचून खातो, उरलेलं सोडतो, जबड्याची हाडं कमकुवत होतात आणि दात वेडेवाकडे होतात. पशुदंतवैद्य डेव्हिड क्रॉसली यांनी दात पुरेसे न झिजण्यावर भर दिला. कारणांवर वाद झाला, उपाय मात्र दोन्हींकडून एकच निघतो: गवत.

पूर्वी वाढलेली पटाशी कटरनं कापत. त्यात दात उभा चिरतो, आतली नस उघडी पडते. आता भूल देऊन फिरत्या बरनं (दात घासायच्या बारीक यंत्रानं) घासतात. तरी आपल्याकडं नेलकटर घेऊन बसणारे आहेत, आणि ते पाहून माझा जीव तुटतो. कृपा करून घरी कापू नका. दाढा तर तोंड उघडूनही नीट दिसत नाहीत. त्यासाठी साधन लागतं, बहुधा एक्स-रेही.

गवतासाठी आपल्याला पाकीट मागवावं लागत नाही. सुगीनंतर खानापूर, बेळगाव तालुक्यात घराघरामागं गंजी उभी राहते. भाताची पिंजर (पेंढा) नको, त्यात कस कमी. माळावरचं वाळलेलं हिरवट गवत मागून आणा. पाऊस लागण्याआधी पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवा, बुरशी आलेलं टाकून द्या, आणि पिंजऱ्यात दिवसरात्र मूठभर तरी असू द्या.