औंध संस्थान

सातारा जिल्ह्यातील पूर्वीचे संस्थान. पुण्याजवळचे औंध ते हे नव्हे. हे खटाव तालुक्यातले, यमाईच्या डोंगराखालचे. देवीने औंधासुराला मारले म्हणून गावाला हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. संस्थानाला गावाचे नाव लागले ते मात्र उशिरा. मुळात ही जहागीर ओळखली जाई ती पदावरून: पंतप्रतिनिधींची.

प्रतिनिधी, म्हणजे छत्रपतींच्या वतीने कारभार पाहणारा, हे पद छत्रपती राजारामांनी जिंजीला असताना निर्माण केले. पुढे ते किन्हईच्या कुलकर्णी घराण्यातील परशुराम त्रिंबक यांच्याकडे आले. मोगलांशी झुंजून त्यांनी पन्हाळ्यासारखे गड परत मिळवले होते. शाहूंच्या काळात पद या घराण्यात वंशपरंपरागत झाले. परशुरामपंतांचे पुत्र श्रीपतराव हे दरबारात पहिल्या बाजीरावाचे कडवे विरोधक. घराण्याची दुसरी शाखा कोल्हापूरकडे राहून विशाळगडची जहागीरदार झाली.

प्रतिनिधींच्या साताऱ्याकडच्या शाखेचे ठाणे कराड होते. पेशव्यांच्या वतीने बापू गोखल्यांनी प्रतिनिधींचा पाडाव केला, तेव्हा प्रतिनिधींच्या बाजूने वासोटा किल्ला झुंजवत ठेवणाऱ्या ताई तेलिणीची आठवण अजून निघते. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी जहागीर राखली; साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यावर ती थेट त्यांच्या देखरेखीखाली आली. कुलदैवत यमाईचे औंध हीच आता राजधानी. मुलूख मात्र सलग कधीच नव्हता. औंध-किन्हई एकीकडे, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णाकाठाजवळ आणि गुणदाळ थेट विजापुराकडे. एकूण ७२ गावे.

एवढ्याशा संस्थानाचे नाव देशभर झाले ते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींमुळे. १९०९ साली ते गादीवर आले. सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक, स्वतः चित्रकार आणि कीर्तनकारही. त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळ जागा दिली आणि १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. मूळपीठ डोंगराच्या उतारावरचे भवानी संग्रहालय त्यांनी १९३८ मध्ये उघडले. रविवर्म्याच्या चित्रांसोबत तेथे इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचे शिल्प आहे. खटावच्या दुष्काळी मुलखात ते भेटेल असे कोणाला वाटणार नाही.

सर्वांत धाडसाचे काम पुढचे. २१ जानेवारी १९३९ रोजी राजाने स्वतःचे अधिकार प्रजेला देणारी राज्यघटना जाहीर केली. महात्मा गांधींचा सल्ला, पुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांचे परिश्रम तिच्यामागे होते. रचना खालून वर होती: गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुका आणि त्यावर विधिमंडळ. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतीविना राहून शेती करत. ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावर बेतलेला. इतर संस्थानिकांना हे सारे खुळ वाटले असेल, तर नवल नाही.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. औंध-किन्हई आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी-कुंडल सांगलीत, तर गुणदाळ कर्नाटकात आहे. स्वतंत्रपूरची खुली वसाहत विलीनीकरणानंतरही सरकारने चालू ठेवली.